पहिला की दुसरा? (फॉलआउटवरून आमच्या घरी चाललेलं भांडण)

दिवाळीत नातू आला की फराळाच्या ताटावर आमचा एक वाद ठरलेला. तो म्हणतो, "आजी, फॉलआउट टू हाच खरा गेम. पहिला म्हणजे नुसती सुरुवात." मी म्हणते, पहिलाच. मग सूनबाई म्हणते, चहा निवतोय.

ज्या जाऊबाईंना अजून वाटतं की मी काँप्युटरवर पत्ते खेळते, त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०२० च्या टाळेबंदीत नातवानं हे दोन जुने गेम माझ्या लॅपटॉपवर घालून दिले. मारामारी आहे, पण पाळीपाळीनं. आपली पाळी आली की सोंगटी हलवावी तसा सावकाश विचार करायचा, त्यामुळे बोटं आखडली तरी चालतं. बाकी सगळं वाचन. शेजारी डिक्शनरी घेऊन बसले आणि पहिला गेम सव्वा महिन्यात संपवला.

पहिला आला १९९७ साली, दुसरा लगेच १९९८ साली. अणुयुद्धात जग जळून गेलंय, काही माणसं जमिनीखालच्या 'व्हॉल्ट'मध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. व्हॉल्ट १३ चं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते आणि ती शोधायला तुम्हाला बाहेर पाठवतात. मुदत १५० दिवस. बस्स, गोष्ट एवढीच. पण दर वेळी नकाशावर पाऊल टाकलं की दिवस उलटतात आणि पोटात खड्डा पडतो. ती चिप सापडते कुठे, तर किरणोत्सर्गानं होरपळलेल्या लोकांच्या गावात. ती उचलली तर त्यांचं पाणी तुटतं. आधी त्यांचा पंप दुरुस्त करून द्यावा, अशी सक्ती गेम तुमच्यावर करत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसऱ्यात ८० वर्षं उलटलीत. पहिल्या नायकाच्या नातवंडाची ही गोष्ट. गाव दुष्काळानं मरतंय आणि जमीन पुन्हा पिकवणारी एक पेटी शोधायची आहे. मुदत १३ वर्षं, म्हणजे नसल्यातच जमा! गावोगावचे लोक येतात, काय काय कामं सांगतात, फिरायला मोटारसुद्धा मिळते. पहिल्याच्या कितीतरी पट मोठा पसारा. पण त्यात चष्मा लावून बुद्धिबळ खेळणारा विंचूही आहे, लॉकेट शोधणारं भूतही आहे आणि सिनेमातल्या थट्टा तर पावलोपावली. हसू येतं, नाही असं नाही. पण दर दहा मिनिटांनी कुणीतरी कोपरानं ढोसून "कळला का विनोद?" विचारत असेल, तर जळलेल्या जगाचं दुःख टिकणार कसं? पहिल्याचे मुख्य कर्ते टिम केन आणि त्यांचे दोन सहकारी दुसऱ्याचं काम मधेच सोडून गेले होते, ते मला तरी जाणवतं.

(जाता जाता. या जगातल्या दोन तोंडांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हणतात! पुढे २००८ मध्ये तिसरा भाग मायक्रोसॉफ्टनं 'सांस्कृतिक संवेदनशीलते'चं कारण देऊन भारतात आणलाच नाही. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण लोकांनी बोट या गायीकडेच दाखवलं. मी तर पोट धरून हसले होते.)

एक गोष्ट मात्र दुसऱ्याची, आणि ती मी मान्य करते. पहिल्यात शेडी सँड्स हे मातीच्या भिंतींचं छोटं खेडं आहे. तिथल्या पुढाऱ्याची मुलगी टँडी डाकू पळवून नेतात, आपण तिला सोडवतो. दुसऱ्यात ते खेडं एका गणराज्याची राजधानी झालंय आणि म्हातारी टँडी त्याची राष्ट्राध्यक्ष आहे. जुनी विद्यार्थिनी अचानक समोर यावी तसं मला झालं.

पण खरा वाद शेवटावरून. पहिल्यातल्या खलनायकाचं नाव 'मास्टर'. (हो, हो, मास्तर. माझी चेष्टा करून झाली आहे.) सगळ्या माणसांना एकाच बलाढ्य जातीचं करून टाकायचं, म्हणजे भांडणंच मिटतील, हा त्याचा बेत. त्याला गोळ्या घालता येतात. पण आधी नीट शोध घेतला असेल, तर त्याच्यासमोर पुरावा ठेवता येतो की त्याच्या या नव्या जातीला मूल होऊ शकत नाही. तो तपासतो. आपण केलेल्या भयंकर गोष्टी फुकट गेल्या हे त्याला कळतं आणि तो स्वतःलाच संपवतो. एकही गोळी न झाडता. बंदूक-बंदूक खेळणाऱ्या पोरांच्या गेममध्ये हे सापडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

दुसऱ्यात? समुद्रातल्या तेलविहिरीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष आपल्याच माणसांना तेवढं शुद्ध मानतो आणि बाकी सर्वांना विषाणूनं मारायला निघालाय. तो सगळं शांतपणे समजावून सांगतो, पण बदलत नाही. तिथल्या शास्त्रज्ञाचं मन वळवता येतं, हे खरं. तरी शेवटी दारात चिलखतातला राक्षस, फ्रँक हॉरिगन, उभा असतोच आणि त्याच्याशी लढण्यावाचून सुटका नाही. मी म्हटलं, ही हार आहे लेखकांची.

नातू म्हणाला, "आजी, उलट हेच खरं आहे. पुरावा दाखवून कोण बदलतं? तू कधी पाहिलंस?"

पाहिलंय. सातवीच्या वर्गात एका मुलीचं उत्तर मी चूक ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली, पानावर बोट ठेवून उभी राहिली. फार घाबरली होती. मी तिला वर्गासमोर गुण वाढवून दिले. कान लाल झाले होते माझे.

"ती तू होतीस," तो म्हणाला, "हॉरिगन नव्हता."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मत बदललेलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

जाताना त्यानं एक सांगितलं. दुसऱ्या भागात आपल्या पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवली तर धड बोलता येत नाही, लोक हाकलून लावतात. पण क्लॅमथ गावात टॉर नावाचा मंदबुद्धी गुराखी आहे. त्याच्याशी गाठ पडली की दोघं एकदम विद्वानांसारखं, लांबलचक वाक्यांत बोलायला लागतात. आम्हा बाकीच्यांनाच ते कळत नव्हतं! मला शेवटच्या बाकावरच्या दोघी आठवल्या, ज्या एकमेकींना गणित समजावत आणि दोघींचंही चुकत असे, पण समजलेलं असे.

सध्या दुसरा भाग पुन्हा लावलाय, बुद्धी ३ वर ठेवून. टॉर सापडला. डिक्शनरी काढावी लागली.