रेणू सापडला, गोळी कुठे आहे?

माझ्या क्षेत्रातली माणसं सध्या एका विधानाच्या प्रेमात आहेत : येत्या दहा वर्षांत एआय सगळे रोग संपवेल. हे मी परिषदांमध्ये ऐकलं आहे, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं आहे. आणि दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक न उघडलेल्यांच्या तोंडून सर्वाधिक ऐकलं आहे. मीही त्यांच्यातलाच. अकरावीत बायॉलॉजीऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन सुटलो, पुढे इंजिनियरिंग, पुढे हिंजवडी. त्यामुळे हा वाद मी डॉक्टरांच्या वतीने घालत नाहीये. इंजिनियर म्हणून घालतोय. माझं म्हणणं एवढंच, की हे विधान आपल्याच शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, आणि ते ऐकून टाळ्या वाजवण्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं.

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊ. प्रथिनांची त्रिमितीय घडी कशी पडते हा जीवशास्त्रातला पन्नास वर्षं जुना प्रश्न होता. 2020च्या अखेरीस डीपमाइंडच्या 'अल्फाफोल्ड'ने त्यात एवढी मोठी उडी मारली की 2024चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. 20 कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना आज कोणालाही फुकट उघडून बघता येतात. हे अफाट काम आहे. ज्याला त्याचं कौतुक वाटत नाही त्याच्याशी मला पुढे बोलायचंही नाही.

प्रश्न पुढचा आहे. प्रथिनाचा आकार कळणं म्हणजे औषध नव्हे. त्या आकारात बसणारा रेणू सापडणं म्हणजेही औषध नव्हे. रेणू शरीरात विरघळतो का, यकृत त्याचं काय करतं, हृदयाचे ठोके बिघडवतो का, दोन वर्षं साठवला तर टिकतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस बरा होतो का, हे माणसांनाच विचारावं लागतं. त्यासाठी माणसं जमवावी लागतात आणि वाट बघावी लागते. माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेल्या दर 10 औषधांपैकी साधारण 9 बाजारात पोचत नाहीत.

कंप्युटर सायन्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आपण सगळ्यांनी 'अ‍ॅमडाल'चा नियम परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. प्रोग्रॅमचा एक भाग कितीही वेगवान केलात तरी एकूण वेग उरलेल्या भागावर अडतो. औषधाला प्रयोगशाळेतून दुकानात यायला ढोबळमानाने 10 ते 15 वर्षं लागतात. समजा 12 लागली आणि त्यातली 4 रेणू शोधण्याची. एआयने ती चार वर्षं एकावर आणली, म्हणजे तो टप्पा चौपट वेगवान केला. एकूण हिशोब? 12 ची 9. वाईट नाही. पण 'सगळे रोग संपतील' आणि 'बारा वर्षांऐवजी नऊ' या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते कामावर एखाद्याने लपवलं असतं तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढली असती.

शिवाय हे पहिल्यांदा घडत नाहीये. 2012 मध्ये काही संशोधकांनी औषधनिर्मितीचा इतिहास तपासला, तेव्हा दिसलं की 1950 पासून, महागाई वजा करूनही, संशोधनावर खर्च होणाऱ्या दर अब्ज डॉलरमागे मंजूर होणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारण दर नऊ वर्षांनी निम्मी होत गेली आहे. चिपची ताकद दर दोन वर्षांनी दुप्पट होते असं सांगणाऱ्या मूरच्या नियमाच्या बरोब्बर उलट. म्हणून त्याचं इंग्रजी स्पेलिंग उलटं लिहून त्यांनी याला 'इरूम'चा नियम म्हटलं. आणि याच साठ वर्षांत संगणक आले, रोबो आले, मानवी जनुकांचा नकाशा आला. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालंच होतं की आता औषधांचा पूर येणार.

हवेतलं बोलणं पुरे. एकच रोग घेऊ, आपल्या घरातला. क्षयरोग, टीबी. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू जाहीर केला. 2023 मध्ये, म्हणजे 141 वर्षांनंतर, जगात 1 कोटी 8 लाख लोक या रोगाने आजारी पडले आणि साडेबारा लाख लोक मेले. रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतातले. आणि हा असाध्य रोग नाही! साध्या टीबीला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात, आणि त्या गोळ्या आपल्या आजोबांच्या तरुणपणापासून ठाऊक आहेत.

टीबीतलं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं औषध म्हणजे बेडाक्विलिन. ते सापडलं कसं? जंतूच्या प्रथिनाची रचना बघून कोणी त्यात किल्ली बसवली नाही. यान्सन कंपनीच्या संशोधकांनी टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी, झटपट वाढणारा भाऊबंद घेतला आणि एकामागून एक रसायनं त्याच्यावर टाकून बघितली. एकाने तो मेला. हे रसायन जंतूच्या कोणत्या भागावर घाव घालतं, हे नंतर कळलं : त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची जनुकं वाचली तेव्हा. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांत टीबीसाठी आलेलं नव्या जातीचं हे पहिलं औषध. त्याच सुमाराला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉक्टर कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीबद्दल ओरडून सांगत होते. म्हणजे रेणू तयार होता आणि रोगी समोर होता.

मग? भारतात 2016 मध्ये ते मोजक्या सहा केंद्रांवर मिळू लागलं. बिहारमधल्या एका तरुण मुलीला दिल्लीत ते नाकारण्यात आलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जानेवारी 2017 मध्ये औषध द्यायचं कबूल झालं. 2018 मध्ये ती गेली. जंतूला अधिवासाचा दाखला लागत नाही, औषधाला लागला.

पुढचा अडथळा पेटंटचा. बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक संस्थांचा आणि दात्यांचाही पैसा होता. तरीही मूळ पेटंट 2023 मध्ये संपत असताना त्याच रेणूच्या एका क्षारावर दुसरं पेटंट घेऊन मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबवण्याचा प्रयत्न झाला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले होत्या. दोघींना टीबी झाला होता आणि जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांना स्वस्त बेडाक्विलिन बनवण्याचा रस्ता मोकळा झाला. औषध माणसांपर्यंत आणणारी ही पायरी या दोघींनी चढून दाखवली. तिचा उल्लेख मी आजवर एकाही तंत्रज्ञान परिषदेत ऐकलेला नाही.

आता रोग ओळखण्याकडे येऊ, कारण तिथे आपली बिरादरी जास्त जोरात आहे. छातीचा एक्स-रे संगणकाने वाचायचा आणि संशयित जागेवर लाल ठिपका उमटवायचा. हे खरोखर उपयोगी आहे. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यताही दिली. ज्या तालुक्यात रेडिऑलॉजिस्ट नाही, तिथे ते नसण्यापेक्षा असलेलं शंभर पटीने बरं. पण गणित मांडू.

2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे 316 जणांना फुप्फुसाचा टीबी आढळला. सोयीसाठी 300 धरू. आपलं सॉफ्टवेअर 90 टक्के रोगी पकडतं आणि 90 टक्के निरोगी माणसांना बरोबर सोडून देतं असं समजू. लाख लोकांचे एक्स-रे काढले. 300 पैकी 270 सापडले, 30 निसटले. उरलेल्या 99,700 निरोगी लोकांपैकी 9,970 जणांवरही लाल ठिपका उमटला. एकूण ठिपके 10,240, खरे रोगी 270. म्हणजे साधारण 38 ठिपक्यांमागे एक रोगी. सॉफ्टवेअरची चूक नाही, रोग विरळ असला की गणित असंच चालतं. पण याचा अर्थ असा की त्या 10,240 लोकांची थुंकी तपासावीच लागणार. त्यासाठी जीनएक्स्पर्ट किंवा गोव्यात तयार होणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र हवं, त्याच्या चिप हव्यात, चालवणारा माणूस हवा. त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं की लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. त्यांच्यासाठी आपल्याकडे कोणतं मॉडेल आहे?

माझी मावशी आशा कार्यकर्ती आहे. तिच्या गावात एकदा फिरतं एक्स-रे यंत्र आलं. तिने दारोदार फिरून माणसं गोळा केली, काहींची अक्षरशः मनधरणी केली. फोटो निघाले, ठिपके उमटले, आणि पुढच्या तपासणीच्या चिप महिनाभर आल्याच नाहीत. मी तिला सॉफ्टवेअर किती अचूक आहे हे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "अरे बाबा, यंत्र हुशार असेल, मी कुठं नाही म्हणते? पण ज्या पोरीच्या फोटोवर ठिपका आला, तिचं लग्न ठरत होतं. गावभर बोभाटा झाला. आता तिला आजार आहे का नाही, ते कोण सांगणार? रोज तिच्या आईला तोंड मला दाखवायचंय." आपल्या भाषेत याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात आणि तक्त्यातल्या एका चौकोनात तो मावतो.

अचूकतेच्या दाव्यांबद्दलही सावध राहायला हवं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी मॉडेलं, फोटो कोणत्या रुग्णालयात काढला हेच ओळखायला शिकतात. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, म्हणून तिथला फोटो दिसला की शक्यता वाढवायची! दुसरीकडे नेलं की कामगिरी घसरते. परीक्षेत कॉपी करणारा मुलगा दुसऱ्या केंद्रावर गेला की जसा होतो, तसं.

आणि आता टीबीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात टीबीच्या 2,800 रुग्णांच्या घरांत एक चाचणी झाली. सगळ्या रुग्णांना आहार दिला. अर्ध्या भागात त्यांच्या घरच्यांनाही दिला. तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल, जीवनसत्त्वं. 10,000हून अधिक घरच्यांवर लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. जंतू सापडून पक्कं निदान झालेल्या फुप्फुसाच्या टीबीपुरतं बघितलं तर 48 टक्क्यांनी. 2023 मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत हे निष्कर्ष छापून आले. उद्या एखाद्या स्टार्टअपच्या रेणूने हा परिणाम दाखवला असता तर तिचं मूल्यांकन आपण डोळे फाडून वाचलं असतं. पण डाळ-तांदळाचं पेटंट निघत नाही.

यावर मित्र म्हणतात, "म्हणजे संशोधन बंद करायचं? सगळ्यांनी शिधा वाटत बसायचं?" नाही. बेडाक्विलिन नसतं तर भांडायला काही उरलंच नसतं. नवी औषधं हवीत, जंतू ऐकत नाहीत. दुसरं म्हणतात, "वितरण हे सरकारचं काम, आपलं काम तंत्रज्ञान." हे मात्र मला अजिबात मान्य नाही. आपल्या क्षेत्रात सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तर रात्री दोनला फोन वाजतो, आणि नंतर का बंद पडला याची पानंच्या पानं लिहिली जातात. 2024च्या सुरुवातीला देशातल्या अनेक राज्यांत टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांचा तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. उपचारात खंड पडला की जंतू औषधाला सरावतो, म्हणजे इथे बंद पडण्याची किंमत नवा, अधिक चिवट रोग. 2025 पर्यंत टीबी संपवण्याची घोषणा 2018 मध्ये झाली होती. ते वर्ष येऊन गेलं, रोग इथेच आहे.

साठा, पुरवठा, मागणीचा अंदाज, धोक्याची सूचना. हे प्रश्न कोणाचे आहेत? ऐन गर्दीच्या संध्याकाळी दहा मिनिटांत दूध आणि कोथिंबीर दारात आणून देणारी यंत्रणा आपणच बांधली ना? सरकारकडे औषधांच्या साठ्यासाठी 'निक्षय औषधी' नावाची प्रणाली आहे. माझी मागणी साधी आहे : कोणत्या तालुक्यात किती दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिप शिल्लक आहेत, हे कोणाही नागरिकाला मोबाइलवर बघता आलं पाहिजे. पावसाळ्यात धरणात किती टक्के पाणी आहे हे आपण रोज सकाळी वाचतोच. आणि रोग ओळखणारं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक शासकीय करारात एक अट असावी : ठिपका उमटल्यापासून पक्क्या निदानापर्यंत किती दिवस लागले आणि पहिली गोळी कधी मिळाली, हे आकडे जाहीर करायचे. अचूकतेची टक्केवारी त्यानंतर सांगा.

यात नोबेल नाही, मान्य आहे. निधी गोळा करायला उभं राहिलात तर तालुक्याच्या गोळ्यांचा साठा हा विषय कोणाला रोमांचक वाटणार नाही, हेही मान्य. पण पुढच्या वेळी कोणी मंचावरून सगळे रोग संपवायला निघालं, तर टाळ्या वाजवण्याआधी हात वर करा आणि विचारा : रेणू मिळाला, छान, गोळी कोणत्या तारखेला पोचेल, आणि ती पोचली नाही तर फोन कोणाचा वाजेल?