बोट कापलं, एवढंच?

बोट कापले तर आपल्याकडे त्याला दुखणे म्हणत नाहीत. हळद दाबायची, चिंधी गुंडाळायची आणि उरलेली भाजी चिरायला बसायचे. विळी, कोयता, फुटलेली बांगडी, घासताना तडकलेला काचेचा पेला, यांच्या खुणा नसलेला बाईचा हात मी तरी पाहिलेला नाही. त्यातल्या बहुतेक जखमा भरून येतात. काही मात्र फक्त वरून भरतात.

बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच. ते मनगट ते कोपर या भागात असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा निघून बोटात जातात, प्रत्येक बोटाला दोन, अंगठ्याला एक. बायका 'शीर तुटली' म्हणतात ती बरेचदा हीच. तुटलेले टोक ताणलेल्या दोरीसारखे आत सरकते आणि आपोआप जुळत नाही. मधले पेर धरून टोकाचे पेर वाकवायला सांगावे. वाकले नाही, वाकवताना फार दुखले किंवा बोट बधिर लागले, तर नुसते कातडीला टाके घालून घरी येऊ नये. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर बोट वाचण्याची आशा चांगली असते.

तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. इथली दुरुस्ती इतकी अवघड, की शल्यवैद्यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' असे नाव दिले. (नाव पुरुषांनीच ठेवलेले!) अंगावर आलेले पाते बाई मुठीत धरते तेव्हा ते नेमके इथे लागते. अपघात विभागात नवरा शेजारी उभा असतो आणि ती सांगते, "विळीवर कापलं." चार बोटे एका रेषेत विळीवर सहसा कापत नाहीत, हे तपासणाऱ्याला कळत नसेल असे मला वाटत नाही. तरी कागदावर 'किरकोळ जखम' लिहिले जाते. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची कमी होणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. जुन्या दंडसंहितेत ते कलम ३२० मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे. पण कंडरा तुटल्याची नोंदच नसेल तर वकील तरी काय दाखवणार? म्हणून बाईला एकटीला विचारा, बोट वाकते की नाही ते लिहा आणि त्या कागदाची प्रत तिच्या हातात द्या, एवढा आग्रह आपण प्रत्येक वेळी धरला पाहिजे.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सुटलो असेही नाही. सुमारे सहा आठवडे हाताला पट्टी असते. हात अगदी स्थिर ठेवला तर कंडरा आजूबाजूला चिकटते आणि जोर लावला तर शिवण तुटते. म्हणून शिकवलेला हलका व्यायाम दिवसातून अनेकदा करायचा, पण बादली उचलायची नाही, धुणे पिळायचे नाही, भाकरी थापायची नाही. पूर्ण जोराच्या कामाला साधारण बारा आठवडे लागतात. डॉक्टर सांगतात, "आराम करा." कुणाच्या जिवावर, ते सांगत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या एकीने तिसऱ्या आठवड्यात धुणे पिळले, कारण घरात दुसरे कुणी पिळणार नव्हते. शिवण तुटली. केसपेपरवर आले, 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.' घरात दोन धडधाकट पुरुष होते. सूचना त्यांना कुणी दिलीच नव्हती. कोणती कामे किती आठवडे बंद, हे मराठीत लिहून घरातल्या पुरुषांना वाचून दाखवणे हा मला उपचाराचाच भाग वाटतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तिचे धुणे शेजारणींनी वाटून घेतले. तिचे बोट आता बरेचसे वाकते. त्या घरातल्या पुरुषांनी मात्र अजून एक कपडा पिळलेला नाही.