निकाल आमच्याबद्दल, वाचतात मात्र दुसरेच

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरवला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या निकालावर जितकी चर्चा झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या निकालावर झाली असेल. वाहिन्यांवर झाली, विधिमंडळात झाली, मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाली. पण तो ३९५ पानांचा निकाल प्रत्यक्षात उघडून पाहिलेली माणसं आपल्या समाजात किती सापडतील?

शायरा बानो खटल्यात पाच न्यायाधीश होते आणि त्यांनी तीन वेगवेगळी मतं लिहिली. सरन्यायाधीश खेहर आणि न्या. नझीर यांचं म्हणणं होतं की ही प्रथा व्यक्तिगत कायद्याचा भाग आहे, तिला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, तेव्हा बदल संसदेनं करावा. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ती मनमानी असल्यानं समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. न्या. कुरियन जोसेफ यांनी तिसरीच वाट धरली. जे कुरआनच्या विरोधात आहे ते शरीयत होऊ शकत नाही, म्हणून ही प्रथा टिकत नाही, असं ते म्हणाले. तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला, तो या मतामुळे.

म्हणजे निर्णायक मत कुरआनच्या आधारावर उभं होतं. ‘इस्लामवर हल्ला झाला’ म्हणणाऱ्यांनी हे सांगितलं नाही आणि ‘इस्लामचा पराभव झाला’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांनीही सांगितलं नाही. दोघांचंही काम मथळ्यावर भागलं.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. या निकालाच्या पंधरा वर्षं आधी, २००२ मध्ये, शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न झालेला हवा. ‘मी तिला आधीच तलाक दिला होता’ असं नुसतं कोर्टात लिहून दिल्यानं तलाक होत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायाधीशांच्या पूर्णपीठानंही हेच सांगितलं. हा निकाल मराठवाड्यात, आपल्या दारात लागला होता. तरी पुढची पंधरा वर्षं जालना, परभणी, बीडच्या मोहल्ल्यांतल्या किती बायकांना हे कुणी सांगितलं? तलाकनाम्याचा कागद हातात पडला की संसार संपला, असंच त्या समजत राहिल्या.

पोटगीचंही तेच. शहाबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला. त्यावरून घरोघरी समज पक्का झाला की इद्दतचा खर्च दिला की नवऱ्याची जबाबदारी संपली. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हा समज चुकीचा ठरवला. घटस्फोटित स्त्रीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या मुदतीत करायची असते, पण ती इद्दतपुरती नसते, असा त्याचा अर्थ. जुलै २०२४ मध्ये तेलंगणाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागण्याचा हक्क मुस्लीम घटस्फोटितेलाही आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १४४ मध्ये आहे. पण तडजोडीच्या बैठकीत आजही १९८६ चाच समज चालतो, कारण तो तोंडी पसरलेला आहे आणि निकाल कागदावर आहेत.

तेव्हा प्रश्न कायद्याइतकाच ग्रंथालयाचाही आहे. लागलेला निकाल ज्याच्याबद्दल लागला त्याच्यापर्यंत कोण पोहोचवणार? या प्रश्नाचं उत्तर काही ठिकाणी विद्यापीठांच्या विधी ग्रंथालयांनी दिलं आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिथल्या न्यायालयांच्या निकालांचे सुमारे चाळीस हजार छापील खंड होते. ग्रंथालयानं त्या पुस्तकांच्या बांधणीच्या कडा कापल्या, पानं सुटी केली आणि सुमारे चार कोटी पानं स्कॅन केली. १६५८ पासून २०१८ पर्यंतचे ६७ लाखांच्या आसपास निकाल त्यातून तयार झाले आणि २०१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ग्रंथपालानं पुस्तकाला कात्री लावावी, ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटेल. पण कपाटात शाबूत राहिलेल्या पुस्तकापेक्षा लोकांच्या हातात गेलेला मजकूर महत्त्वाचा, हा हिशेब त्यांनी केला.

हे काम फुकटात झालं नाही. खर्च एका खासगी कंपनीनं उचलला. त्याच्या बदल्यात काही वर्षं एका माणसाला दिवसाला पाचशेच निकाल पूर्ण पाहता येतील, अशी अट होती. २०२४ मध्ये ती मुदत संपली आणि सगळा साठा मोकळा झाला. ग्रंथालयानं कंपनीचा पैसा घेतला, पण अटीला शेवटची तारीख घालून घेतली. आपल्याकडे सार्वजनिक गोष्टी खासगी हातात देताना ही शेवटची तारीख नेमकी विसरली जाते.

त्याआधी १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीटर मार्टिन आणि थॉमस ब्रूस यांनी कायदा इंटरनेटवर मोफत ठेवणारी संस्था सुरू केली. वेब नुकतंच जन्मलं होतं. विंडोजवर वेब पाहायला सोयीचं साधन नव्हतं, तर ब्रूस यांनी स्वतः ‘सेलो’ नावाचा ब्राउझर लिहिला. हार्वर्डच्याच एका अभ्यासातून पुढे आलं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या वेब दुव्यांपैकी जवळपास निम्मे दुवे मूळ माहितीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यावर ग्रंथालयानं २०१३ मध्ये ‘पर्मा’ नावाची सेवा काढली. उल्लेख केलेल्या पानाची प्रत कायमची जपून ठेवणं हे तिचं काम. त्याच हार्वर्डमध्ये ‘शरियासोर्स’ नावाचा प्रकल्प इस्लामी कायद्याची कागदपत्रं आणि त्यांवरचा अभ्यास एकत्र करतो. आपल्या फिकहबद्दलचा दस्तऐवज आपण बोस्टनजवळच्या एका विद्यापीठात शोधावा, यात अभिमानाचं काय आणि खंतीचं काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

निकाल कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न तिथं फार जुना आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या एका वृत्तलेखकानं दुसऱ्यावर दावा केला. आपण छापलेल्या निकालांच्या संक्षिप्त आणि स्वस्त आवृत्त्या तो काढतो, अशी तक्रार होती. न्यायाधीशांनी लिहिलेल्या मजकुरावर कुणाचाच कॉपीराइट नाही, असं न्यायालयानं १८३४ मध्ये सांगितलं.

भारताचा कायदाही यात मागे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, न्यायालयानं मनाई केली नसेल तर निकाल कुणीही छापू शकतो. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकाशकांच्या वादात हीच रेघ ओढली. संपादकानं मेहनतीनं लिहिलेली टिपणं त्याची, पण निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. २००८ मध्ये सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्यानं ‘इंडियन कानून’ सुरू केलं आणि महागड्या खंडांची मक्तेदारी मोडली. तालुक्याच्या कोर्टातला नवा वकील आज जो निकाल मोबाइलवर काढून दाखवतो, तो बहुतेक वेळा तिथलाच असतो. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचे सुमारे ३४ हजार निकाल मोफत खुले केले.

मग अडलं कुठे? भाषेत. घटनेच्या कलम ३४८ नुसार संसद वेगळी तरतूद करीत नाही तोवर वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. जानेवारी २०२३ मध्ये अनुवादित निकालांची पहिली यादी आली तेव्हा हिंदीत हजाराहून जास्त निकाल होते आणि मराठीत वीससुद्धा नव्हते. नंतर यंत्राच्या मदतीनं मराठीचा आकडा वाढला, ही चांगली गोष्ट आहे. पण कोर्टाच्या इंग्रजीचं यांत्रिक मराठी झालं की ते वाचणाऱ्याला पुन्हा दुभाष्या लागतो. शिवाय शेकडो निकालांच्या ढिगातून आपल्या उपयोगाचा कोणता, हे त्या बाईला कोण सांगणार?

इथं ग्रंथपाल लागतो. परदेशातल्या विधी ग्रंथालयांत विषयवार मार्गदर्शिका असतात. पोटगी असा विषय घेतला, तर कोणता कायदा लागू, कोणते निकाल महत्त्वाचे, त्यातला कोणता नंतर फिरवला गेला, अर्ज कुठे करायचा, हे दोन-चार पानांत लिहिलेलं असतं. मजकूर बदलला की मार्गदर्शिका बदलते. हे सल्ला देणं नव्हे. दुकानाचा पत्ता सांगण्यासारखं हे काम आहे, खरेदी ज्याची त्यानं करावी.

कुणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं की झालं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या काही वकिलांनी तेच केलं. चॅटजीपीटीनं त्यांना अस्तित्वातच नसलेले निकाल दिले, त्यांनी ते कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. जिथे वकील फसतात, तिथे नांदेडची सातवी पास भगिनी काय करणार? खरा निकाल कोणता, हे तपासून सांगणाऱ्या माणसाची गरज आता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. सामान्य माणसानं कायदा वाचून काय करायचं, वकील आहेत, उलेमा आहेत. आहेत, आणि त्यांची गरजही आहे. पण वकिलाच्या ऑफिसात जाणाऱ्याला निदान काय विचारायचं हे तरी ठाऊक हवं. शमीम आरा हे नाव ज्या बाईनं ऐकलं आहे, तिला ‘आता काही होत नाही, जे देतात ते घे’ असं सांगून परत पाठवता येत नाही. खरं सांगायचं तर, न वाचलेल्या समाजाचं नेतृत्व करणं सोपं असतं. म्हणूनच आपल्या तंजीमांनी सह्यांच्या मोहिमा काढल्या, मोर्चे काढले, पण मराठीत चार पानांची पोटगीची पुस्तिका किती जणांनी काढली?

मुंबईनं याबाबत वेगळी परंपरा पाहिली आहे. आजही कोर्टात ज्याचा दाखला दिला जातो तो मुस्लीम कायद्यावरचा ग्रंथ दिनशा मुल्ला या मुंबईच्या पारशी वकिलानं लिहिला. आसफ फैजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १९४९ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक विद्यार्थी अजून वाचतात. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत. हे ज्ञान मराठी घरांत, मराठीत आणण्याचं काम शिल्लक राहिलं.

ते अशक्य नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं राज्यात आहेत. ती जनतेच्या पैशावर उभी आहेत. त्यांच्या ग्रंथालयांनी दर वर्षी दहा विषयांच्या मराठी मार्गदर्शिका काढाव्यात, विद्यार्थ्यांकडून लिहून घ्याव्यात, प्राध्यापकांनी तपासाव्यात आणि सगळ्यांना मोफत द्याव्यात. विषय फक्त तलाक-पोटगीचे नकोत. वक्फची जमीन, भाडेकरूचा हक्क, जातीचा दाखला, अटक झाल्यावरचे अधिकार, हेही हवेत. हा फायदा मुसलमानांपुरता नाही. वस्तीतल्या दलित, भटक्या, शेतकरी कुटुंबालाही निकाल तितकेच दूर आहेत.

विद्यापीठं हलेपर्यंत आपण वाट पाहायची गरज नाही. आपल्या शिक्षणसंस्थांची ग्रंथालयं आहेत, मोहल्ल्यांत वाचनालयं आहेत, समाजात मराठी उत्तम जाणणारे वकील आहेत. दानियल लतीफी, शमीम आरा, शायरा बानो आणि २०२४ चा निकाल, या चार निकालांचा सोप्या मराठीत सारांश काढून निकाहच्या रजिस्टरसोबत ठेवायला किती खर्च येतो? सोबत एक ओळ जरूर छापावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा असतो.

निकालाचा मजकूर कायद्यानं सगळ्यांचा आहे. आपल्याबद्दल लिहिलेलं आपण वाचलं नाही, तर त्याचा अर्थ दुसरे सांगत राहतील, आणि तो सांगताना त्यांचा स्वार्थ मध्ये येणारच.