राष्ट्रमातेचे चित्र आणि राजद्रोहाचे कलम

डिसेंबर 2011 च्या अखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर अण्णा हजारे उपोषणास बसले तेव्हा गर्दी अपेक्षेइतकी जमली नाही आणि उपोषणही दुसऱ्याच दिवशी आवरते घेण्यात आले. परंतु तेथे मांडलेली कानपूरच्या असीम त्रिवेदी या तरुणाची व्यंगचित्रे मात्र पुढे चार वर्षे सरकारी दफ्तरांची पाठ सोडीनात. एका चित्रात राजमुद्रेवरील सिंहांच्या जागी लांडगे होते आणि खाली ‘भ्रष्टमेव जयते’ असे लिहिले होते. दुसऱ्या चित्रात तिरंगी साडी नेसलेल्या भारतमातेला राजकारणी आणि नोकरशहा यांनी जखडून धरले होते आणि भ्रष्टाचाररूपी शिंगाळ राक्षस तिच्यावर अत्याचार करावयास सरसावला होता. फिर्याद दाखल झाली. सप्टेंबर 2012 मध्ये पंचवीस वर्षांच्या या चित्रकाराला मुंबईत अटक झाली. आणि त्याच्यावर राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्याबरोबरच, 1870 साली परकीय सत्तेने दंडसंहितेत घातलेले आणि लोकमान्यांवर 1897 व 1908 अशा दोन वेळा चालविलेले 124-अ हे राजद्रोहाचे कलमही लावण्यात आले.

या कारवाईचे समर्थन करणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की, राष्ट्र ही माता असून तिला अशा अवस्थेत चितारणे हा मातेचा अपमान होय. हा आक्षेप वरवर भक्तीचा दिसतो, पण चित्र नीट पाहिले म्हणजे त्याचा पाया ढासळतो. कारण त्या चित्रात अत्याचार करणारे कोण आहेत, धरून ठेवणारे कोण आहेत आणि चित्रकाराची कणव कोणाकडे आहे, याविषयी शाळकरी मुलालाही संशय पडू नये. ज्याने गुन्हा पाहिला आणि पंचनामा लिहिला त्यालाच आरोपी म्हणून कोठडीत बसविण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय या मातेला रूप कोणी दिले? 1905 साली, वंगभंगाच्या धामधुमीत, अवनींद्रनाथ ठाकुरांनी भगव्या वस्त्रातील एक चतुर्भुज तपस्विनी रंगविली आणि तिच्या हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, जपमाळ व शुभ्र वस्त्र दिले. भगिनी निवेदितांना ते चित्र इतके भावले की, केदारनाथापासून कन्याकुमारीपर्यंत शेतकऱ्याच्या नि कारागिराच्या प्रत्येक झोपडीत ते लागावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली. म्हणजे ही देहधारी भारतमाता आपल्या भिंतीवर आली ती चित्रकाराच्या कुंचल्यातून, आणि तीही एका सरकारी निर्णयाच्या निषेधाच्या काळात. जे रूपक पूजेसाठी आपण डोळे मिटून स्वीकारतो, तेच रूपक रडू लागले, की ते रूपक नसून प्रत्यक्ष देवता आहे असे म्हणून फौजदाराला बोलावणे, हे तर्काला धरून नाही. मातेला मखरात बसविण्याचा अधिकार मान्य असेल तर तिच्या अंगावरचे वळ दाखविण्याचाही मान्य करावा लागेल.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा आहे, आणि तो मी सहजासहजी उडवून लावणार नाही. बलात्कार हे या देशातील हजारो स्त्रियांचे प्रत्यक्ष दुःख असताना, सरकारी पैशाच्या अपहाराला उपमा म्हणून ते वापरणे, हे मला निर्दय आणि काहीसे आळशी कल्पनेचे लक्षण वाटते. चित्रकाराच्या बाजूने उभे राहूनही हा दोष सांगितला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 2015 च्या निकालात या चित्रांना याहून कडक शेरा दिला: त्यांत संताप आणि तिटकारा ओतप्रोत आहे, पण विनोद, चातुर्य वा उपरोध नाही. तथापि त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले की, एवढ्या कारणाने चित्रकाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालता येत नाही, कारण हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोपच येथे नव्हता. चित्र फसले तर समीक्षक आहेत, वाचक आहेत, दुसरा चित्रकार आहे. जेलर हा कलासमीक्षक नव्हे.

‘पोरांनी चित्रे काढून काय होते?’ हा तिसरा आक्षेप. काहीच होत नसेल, तर एवढा पोलीस बंदोबस्त कशासाठी? ज्या तरुणापाशी ना वर्तमानपत्राचा रकाना असतो, ना विधिमंडळातले आसन, त्याने भर मैदानात आपले म्हणणे मांडावे कसे? भाषणाचा अर्थ ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात विरतो, घोषणा दुसऱ्या घोषणेत बुडते. पण तिरंगी साडीतली बाई पन्नास पावलांवरून ओळखू येते, आणि तिला कोणी धरले आहे हे निरक्षरालाही वाचता येते. आणि हे पटवून द्यावे लागते ते कोणत्या प्रांतात? तर 1960 साली निघालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकातून ज्या प्रांतात सहा वर्षांत शिवसेना उभी राहिली, त्या महाराष्ट्रात!

फ्रान्समध्ये राजा लुई फिलिपला पैशांच्या टोपल्या गिळणारा राक्षस म्हणून चितारल्याबद्दल ओनोरे दोमिए या तरुणास 1832 मध्ये सहा महिन्यांची कैद भोगावी लागली. राजा 1848 साली पळून गेला. त्याच वर्षी नव्या सरकारने प्रजासत्ताकाची मूर्त प्रतिमा मागविली, तेव्हा त्याच दोमिएने दोन धष्टपुष्ट बालकांना अंगावर पाजणारी आणि पायाशी एक मूल वाचीत बसलेली माता रंगविली. राजाची विटंबना करणारा हात आणि राष्ट्राला मातृरूप देणारा हात एकच होता. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आमच्याकडे त्रिवेदी यांनी राजद्रोहाचे कलम उठेपर्यंत जामीन मागण्याचेच नाकारले होते. अखेर एका वकिलाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 5,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यांच्या सुटकेचा हुकूम दिला, आणि ते कलम मागे घेण्याचे सरकारने ऑक्टोबर 2012 मध्ये कबूल केले. प्रकरण तेथेही मिटले नाही. राजद्रोहाचे कलम केव्हा लावू नये, याविषयीच्या मार्गदर्शक सूचना पोलिसांना कळविण्यासाठी राज्य शासनाने 27 ऑगस्ट 2015 रोजी एक मराठी परिपत्रक काढले, आणि त्यातील मजकूर असा काही उतरला की, लोकप्रतिनिधींवर टीका करणे हाही राजद्रोह ठरावा! संरक्षणासाठी काढलेला कागदच धाक घालू लागला. त्याविरुद्ध पुन्हा उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आणि दोनच महिन्यांनी शासनाला ते परिपत्रक मागे घ्यावे लागले.