पोट हाय का कनगी?

आधी शब्दांचा हिशेब करू. भाताचा मागनं.

पंधरा वर्षांचं पोर एका बैठकीला पाच भाकऱ्या खातं. बंगल्यातल्या घरात खाल्ल्या तर आई फोनवर कौतुकानं सांगते, 'अगं, वाढतं अंग आहे, काही पुरतच नाही त्याला!' आमच्या बौद्धवाडीतल्या पोरानं गावातल्या कुणाच्या ओटीवर कामाच्या बदल्यात जेवताना पाचवी मागितली, की तो हावरट. अधाशी. खादाड. 'काय रं, पोट हाय का कनगी?' वय तेच, भूक तीच. उंबरठा बदलला की भुकेचं नाव बदलतं.

आणि एक शब्द ठरलेला – बकासूर. ती गोष्ट नीट वाचा दोस्तांनो. गाडाभर भात बकासुरानं खाल्ला, तर तो राक्षस. तोच गाडा घेऊन भीम गेला आणि राक्षसाच्या देखत वाटेतच सगळा चापून बसला, तर तो वीर. त्याचं तर नावच वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा! एकच गाडा, एकच भात. ज्याचं मढं पडलं तो खादाड ठरला. गोष्ट कुणी लिहिली ते विचारायची गरज नाही.

आता भाताचा हिशेब. मी भाताच्या गिरणीत काम करतो. शाळा दहावीला सुटली, पुढचं जे काय वाचलं ते पोत्यांच्या थप्पीवर बसून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2020 चे आकडे आहेत. मध्यम कष्टाच्या बाप्याला दिवसाला 2710 कॅलरी लागतात. तेरा ते पंधराच्या मुलाला 2860. सोळा ते अठराच्या मुलाला 3320. जबर कष्टाच्या माणसाला, म्हणजे दिवसभर पोती वाहणाऱ्या माझ्यासारख्याला, 3470. समजलं? नववीतल्या पोराला बापापेक्षा जास्त लागतं, आणि अकरावीतला पोरगा जवळजवळ हमालाइतकं खातो. तो हावरट नाही. त्याचं हाड वाढतंय, मांस भरतंय. सरकारी शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलंय.

आता सरकारचा दुसरा हात बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना 5 किलो धान्य. दिवसाला 167 ग्रॅम. तांदूळ धरला तर साधारण 580 कॅलरी, त्या पोराच्या गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा. तान्ह्या पोरालाही 5 किलो, म्हातारीलाही 5 किलो, आणि कबड्डीच्या मैदानात रोज तीन तास घाम गाळणाऱ्या पोरालाही 5 किलोच. कायद्याच्या डोळ्यांना वय दिसत नाही. आईला दिसतं. म्हणून ती आपल्या वाटचं त्याच्या ताटात सारते आणि म्हणते, 'माजं झालं रं, सकाली पेज खाल्ली ती अजून जिरली नाय.' कसली पेज!

तांदळाबद्दल एक आतली गोष्ट सांगून टाकतो. आम्ही गिरणीत भात भरडतो, तूस काढतो, मग तांदूळ पॉलिश करून पांढराशुभ्र करतो. पॉलिशला जो कोंडा उडतो त्यात तांदळातलं निम्मंअधिक सत्त्व. तो कोंडा तेलवाले नि गुरांच्या खाद्याचे व्यापारी नेतात. मग 2021 साली दिल्लीहून जाहीर झालं, की रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागं एक कारखान्यात बनवलेला दाणा मिसळायचा, लोह आणि जीवनसत्त्व घातलेला. आधी आम्हीच काढायचं, नंतर त्यांनी टाकायचं, आणि टाकल्याचा उपकार! आमच्या वाडीतल्या बाया तो दाणा 'प्लास्टिकचा' म्हणून निवडून फेकत बसतात. त्यांना कुणी धड समजावलं पण नाही.

पण माझा खरा राग आहे नववीवर.

शाळेतलं शिजवलेलं जेवण हक्कानं मिळतं ते आठवीपर्यंत. 1995 ला योजना आली. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नुसतं कोरडं धान्य वाटू नका, शिजवून द्या. तेव्हा ते प्राथमिकपुरतं होतं, पुढं सहावी ते आठवी आली. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला 150. म्हणजे पोर मोठं झालं की भूक वाढते एवढं त्या कागदालाही कळतं. मग नववीला काय? शून्य. भूक सगळ्यात जास्त लागते त्याच वर्षी ताट काढून घेतलं. कायद्यात लिहिलंय चौदा वर्षं. चौदाव्या वाढदिवसाला आमच्या पोरांचं पोट शिवून टाकतात की काय?

आमच्याकडं आठवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, नववीला चालत किंवा एसटीनं दूरचं हायस्कूल. सकाळी चहात बुडवलेली आंबोळी किंवा रात्रीचा भात खाऊन निघालेलं पोर संध्याकाळी घरी येतं. मधे काय? पाच रुपयाचं वेफरचं पाकीट. मग शहरातले डॉक्टर पेपरात लिहितात, 'आजच्या मुलांना जंक फूडचं वेड!' वेड नाही साहेब, पाच रुपयात दुकानात दुसरं काही मिळत नाही. सुकट-भाकर पाकिटात मिळाली असती तर तीच घेतली असती.

हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 ला जेवण सुरू केलं आणि 1984 ला दहावीपर्यंत नेलं. कर्नाटकातही दहावीपर्यंत आहे. महाराष्ट्र गरीब राज्य आहे का? ज्या अलिबागेत शनिवार-रविवार गाड्या रेवदंड्यापर्यंत तुंबतात, बोटींतून कुत्री फिरायला येतात, तिथं नववीच्या पोराला मूठभर खिचडी परवडत नाही!

अंड्याचं तर विचारूच नका. नोव्हेंबर 2023 ला ठरलं, आठवड्याला एक अंडं. एक! काही धार्मिक मंडळींनी तेवढ्यावरही गदारोळ केला. जानेवारी 2025 ला सरकारनं अंड्याचा पैसा बंद केला, वाटलं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. जे अंडं खात नाहीत त्यांनी ठरवलं, जे खातात त्यांच्या पोरांनी खाऊ नये. मार्च 2015 पासून मोठ्याचं मांसही गेलं, जे आमच्यासारख्यांना परवडणारं एकमेव भरपूर मांस होतं. शाहू पाटोळे यांनी 2015 ला 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहिलं, महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं ते सांगणारं. नुसतं नाव वाचलं तरी पुरे.

मी नववीला एका वसतिगृहात होतो. नाव लिहीत नाही, सगळी बहुधा सारखीच. ताटात दोन चपात्या मोजून. तिसरी मागितली की वाढपी म्हणायचा, 'बापानं पाठवलीय का वरची?' आम्ही कबड्डी खेळायचो. सकाळी रेतीत पळणं, संध्याकाळी चढाई-पकडी. रात्री पोट इतकं ओरडायचं की शेजारच्या कॉटवर ऐकू जायचं. जिंकलो की सत्कार. हार, नारळ, ट्रॉफी. पाहुण्यांच्या भाषणात 'रायगडच्या मातीतलं रांगडं रक्त'. रक्ताला काय खायला घालता ते एकानंही विचारलं नाही. ट्रॉफीत भात शिजत नाही, हे मी तेव्हाच एका कवितेत लिहिलं होतं. मास्तरांनी ती फळ्यावरून पुसायला लावली.

आणि पोरींचं? पोराची भूक निदान शिवी तरी खाते. पोरीची भूक कुणाला दिसतच नाही. तेरा ते पंधराच्या मुलीला 2400 कॅलरी लागतात, तिच्या घरकाम-मजुरी करणाऱ्या आईइतक्या किंवा जास्त. ती भावानंतर जेवते. तळाशी रस्सा उरतो, बोंबलाचा तुकडा नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणिसाच्या दर 100 मुलींत 59 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. तीही धावते, डोक्यावर हंडा घेऊन चढते, आवणीला वाकते. तिच्या भुकेला 'हावरी' म्हणणारी आपलीच घरं आहेत. मी माझ्या घरापासून बोलतोय. हे बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही.

रायगडच्या मातीचं एवढं नाव घेता, तर ही माती काय बघून बसलीय तेही ऐका. 20 मार्च 1927 ला महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली आणि मंडपात येऊन जेवायला बसली. काठ्या घेऊन आले ते त्या पंगतीवर आले. शिजवलेलं अन्न मातीत कालवलं. पाण्याची लढाई म्हणतात, ती पंगतीचीही होती. आणि अलिबागजवळ चरीला 1933 पासून 1939 पर्यंत कुळांनी खोताची शेतं कसली नाहीत. नारायण नागू पाटील पुढं होते, बाबासाहेब पाठीशी. 1937 ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. सहा वर्षं लाकूडफाटा विकून घरं चालली. त्या घरांतही चौदा-पंधरा वर्षांची पोरं असणारच. ती किती अर्धपोटी झोपली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. खोतीचा कायदा शेवटी 1949 ला झाला.

म्हणून ज्यांना वाटतं खाण्याचं बोलणं हलकं, क्रांतीचं बोला, त्यांनी आधी एक आठवडा दोन चपात्यांवर खेळून दाखवावं. मग कविता वाचू.

आमच्या वाडीतली नववी-दहावीची पोरं-पोरी येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहेत. शिजवलेलं जेवण दहावीपर्यंत, अंडं सरकारी पैशातून, रेशन वयाप्रमाणं, आणि वसतिगृहात मोजून वाढणं बंद. कागद मी लिहिलाय. सरपंच म्हणाले, हा विषय ग्रामपंचायतीच्या हातातला नाही. ठराव करून वर पाठवणं तर हातात आहे ना? त्रेचाळीस सह्या झाल्यात. त्यातल्या अकरा पोरींच्या. मजकुराची नक्कल या अंकासोबत जोडलीय, आपापल्या गावाचं नाव घाला आणि चालवा.