अटकेनंतरचे पहिले चोवीस तास

घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं की सगळ्यांचे हातपाय गळतात. मग धावाधाव सुरू होते ती ओळखीपाळखीच्या लोकांकडे. सरपंच, पुढारी, कुणाचा तरी पोलिसातला पाहुणा. कुणी "मिटवून टाकू" म्हणतं, कुणी त्यासाठी पैसे मागतं. यातच रात्र सरते. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या प्रत्येक घराला माझं कळकळीचं सांगणं आहे: अशा वेळी आधी कागद मागा आणि वकील गाठा. वशिल्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. कागद मात्र न्यायाधीशांसमोर ठेवता येतो.

पहिलं काम म्हणजे माणूस कुठे आहे ते शोधणं. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर आणि रांजणगाव एमआयडीसी ही पोलीस ठाणी आहेत. दौंडमध्ये दौंड आणि यवत. पुणे ग्रामीणची स्थानिक गुन्हे शाखाही येऊन ताब्यात घेते. दौंड जंक्शनवर किंवा रेल्वेत पकडलं असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे चौकशी करावी लागते, त्यांचं ठाणं वेगळं. घोड किंवा भीमा ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो, त्यामुळे तिकडचे पोलीसही येऊ शकतात. म्हणून नेतानाच शांतपणे विचारा, "साहेब, कोणत्या ठाण्याचे? कोणत्या गुन्ह्यात नेताय?" अटक करणाऱ्याचं नाव त्याच्या अंगावर स्पष्ट दिसलं पाहिजे, असा कायदा आहे. अटक झाल्याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणं हेही पोलिसांवर बंधनकारक आहे.

"फक्त चौकशीला चला" असं सांगितलं असेल तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. नोटीस आली तर मात्र तारखेला हजर राहा. टाळाटाळ केली तर अटकेला आपणच कारण देतो.

आता अटकेचा कागद नीट बघा. त्यावर अटकेची तारीख आणि वेळ असते, घरच्या एका माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि खाली अटक झालेल्याची सही असते. यातली वेळ सगळ्यात महत्त्वाची. माणसाला रात्री नऊला घरातून नेलं आणि कागदावर सकाळी सहा वाजता अटक दाखवली, तर मधले नऊ तास हिशेबातून गेले. म्हणून नेलं त्याच मिनिटाला एखाद्या नातेवाइकाला मोबाइलवर संदेश टाकून ठेवा: किती वाजता नेलं, कोणत्या गाडीतून, कोण सोबत होतं. पुढे वकिलाला त्याचा फार उपयोग होतो. आणि कोऱ्या कागदावर कुणीही सही करू नये, न वाचलेल्या कागदावरही नाही.

अटकेची कारणं लेखी मिळाली पाहिजेत, तीही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. मुंबईत वरळीला झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण न्यायालयात रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. रांजणगावच्या कारखान्यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार असेल, तर त्याला मराठी कागद कळणार नाही. त्याच्या सोबत्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. रविवार असो की दिवाळी, सवलत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणत आलो, पण अटक झालेल्याला आधार मिळतो तो याच पायरीवर. तिथे न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न तिथवर सहज आलेला नाही. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून, कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८३ साली न्यायालयाने आदेश दिला की हजर केलेल्या प्रत्येकाला दंडाधिकाऱ्यांनी असं विचारलंच पाहिजे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्कही सांगितला पाहिजे. मारहाण झाली असेल तर भीतीपोटी "नाही" म्हणू नका. जे झालं ते तिथेच सांगा. आणि काही झालं नसेल तर खोटं बोलू नका. खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारींची किंमत जाते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या कुणालाही, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. शिरूर आणि दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. गुन्हा जामीनपात्र असेल तर पोलीस ठाण्यातूनच जामीन मिळतो, तो हक्क आहे, उपकार नव्हे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की दोन्ही बाजूंना प्रतिबंधक कारवाईत नेतात आणि तहसीलदारांसमोर उभं करून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात. लोक ते साधं समजून सही करतात. त्याची मुदत आणि अटी वाचा. मोडलं तर अंगाशी येतं.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी करायचीच झाली, तर महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला घेऊन आई-बापांनी तातडीने ठाणं गाठावं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विनंती आहे. अटक म्हणजे शिक्षा नव्हे, गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो. त्या माणसाचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरवू नका आणि ठाण्यावर जमावही नेऊ नका. त्या घराला खरी मदत करायची असेल, तर एकाने वकिलाकडे जावं, एकाने औषधाच्या गोळ्या आणि चिठ्ठी पोहोचवावी, एकाने जामिनासाठी सातबारा आणि आधार कार्ड तयार ठेवावं. पोलिसांशी बोलताना आवाज चढवू नका, पण मागणी सोडूही नका. आज रात्री जेवण झाल्यावर हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा, आणि तातडीच्या मदतीचा ११२ व मोफत वकिलासाठीचा १५१०० हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.