दहावी झाली, पण हिशोबपट्टी वाचता येईना



दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात. वाटावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेढा खाऊन झाल्यावर त्या पास झालेल्या पोराच्या हातात बापाने बाजारातून आणलेली कापसाची हिशोबपट्टी द्यावी आणि विचारावे, "बाबू, यात तोलाई किती, हमाली किती आणि ओलाव्यापोटी किती कापले?" आम्ही गावोगावच्या बैठकांत हा प्रयोग केला आहे. पोरगा पट्टी उलटीसुलटी करतो, लाजतो आणि परत देतो. गणितात त्याला ऐंशीच्या वर गुण असतात.

पोराचा यात दोष नाही. शेकडेवारी त्याला शिकवली जाते ती दुकानदाराच्या नफ्यातोट्यावर आणि बँकेच्या व्याजावर. त्या धड्यात शेतकरी सहसा येत नाही. आलाच तर गिऱ्हाईक म्हणून. फळ्यावर एकदा हे उदाहरण घातले असते तर काय बिघडले असते? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. हा भाव ८ टक्के ओलाव्याला. त्यावर जितका टक्का ओलावा जास्त, तितका टक्का भाव कमी. १२ टक्क्यांच्या वर सरकारी खरेदी नाही. आपल्या गाडीत १० टक्के ओलावा निघाला, तर कपात किती? १६२ रुपये २० पैसे. त्याहून एक पैसा जास्त कापला तर विचारायचे. हे गणित सहावीच्या पोराचे आहे, पण ते न आल्यामुळे पदवीधर माणूस काट्यावर मुका उभा राहतो.

पुढचे गणितही सोपेच आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. १७० किलो रुईची एक गाठ. म्हणजे गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. ज्या दिवशी नववीचा वर्ग रुईचा आणि सरकीचा भाव फळ्यावर मांडून कापसाचा भाव काय निघायला हवा ते काढील, त्या दिवशी व्यापाऱ्याला बापाशी बोलताना जरा जपून बोलावे लागेल.

आम्ही स्वतः नववीत होतो तेव्हा एकाधिकार खरेदीचे दिवस होते. वडिलांबरोबर बैलगाडी घेऊन दोन रात्री केंद्राबाहेर काढल्या. तिसऱ्या दिवशी साहेबाने गाडीत हात घातला, मूठभर कापूस चुरगाळला आणि खालची प्रत लिहिली. वडिलांनी आमच्याकडे पाहिले. पोरगा हायस्कुलात जातो, काहीतरी बोलेल! आम्हाला त्या वर्षी इंग्लंडातली औद्योगिक क्रांती पाठ होती, सूत कातायच्या यंत्राचे नाव पाठ होते. कापसाची प्रत कशी ठरते ते ठाऊक नव्हते. पुढे कृषी महाविद्यालयात चार वर्षे घालवून धाग्याची लांबी, तलमपणा, ताकद सगळे शिकलो, पण वडिलांचा त्या दिवशीचा कापूस तोवर विकला गेला होता.

हा झाला पैशाचा प्रश्न. जिवाच्या प्रश्नातही हायस्कूल तितकेच गप्प आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. प्रत्येक औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. विषबाधा झाली तर डॉक्टरला दाखवायचा उताराही डब्यावरच छापलेला असतो. ज्याला आम्ल आणि अल्कलीची समीकरणे जुळवता येतात, त्या पोराला हा त्रिकोण कोणी दाखवला? पोराला फवारणीला पाठवा असे आम्ही म्हणत नाही. अठराच्या आतल्या मुलाने पंपाला हातही लावू नये. त्याने डबा वाचावा आणि बापाला व गड्याला थांबवावे, एवढेच म्हणणे आहे.

हे म्हणणे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या शाळांत मोडी, हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा, शिकवण्यासाठी छोटी नमुना शेती जोडा, अशी स्पष्ट मागणी आहे. १९३७ साली वर्ध्याला, आपल्याच कापसाच्या मुलखात, गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना निघाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. कागदावर काही कमी नाही. त्या कार्यानुभवाचे हायस्कुलात काय झाले ते आपण पाहिले आहे: रंगीत कागदाची फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. बरे, ते घरही बहुतेक वेळा मुलाच्या मावशीने केलेले.

होत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे कमी पावसाचे गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने विज्ञान आश्रम काढला आणि हायस्कुलातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायला लावले. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरे, अन्न, आरोग्य, सगळे थोडे थोडे, मुलांना आणि मुलींना सारखेच. कामही खोटे नाही. गावातल्या माणसाला खरोखर हवी ती वस्तू करून द्यायची, तिचा खर्च मांडायचा, पैसे घ्यायचे. पुढे हा अभ्यासक्रम राज्यातल्या इतर शाळांतही गेला. आपल्या जिल्ह्यातले हायस्कूल काय जगावेगळे आहे?

यावर शहरातले विद्वान विचारतात, "म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला शेतीतच डांबून ठेवायचे का?" मोठी गंमत आहे! पोरगा खुशाल पुण्याला जाऊ दे, कारखान्यात लागू दे. तिथेही पगाराची चिठ्ठी वाचावी लागते आणि कंत्राटदाराने काय कापले ते विचारावे लागते. बापाची पट्टी न वाचलेला पोरगा तिथेही न वाचताच सही करतो.

आता थोडे आपल्याविषयी, कारण सगळा दोष मास्तरांवर टाकून भागणार नाही. कापसाचा पहिला वेचा निघाला की हायस्कुलातली हजेरी कोण कमी करतो? त्यातही मुलींची. वेचणीला बाई मिळत नाही हे खरे, मजुरी परवडत नाही हेही खरे. पण पोरगी महिनाभर पऱ्हाटीत वाकली म्हणजे तिचे कामाचे शिक्षण झाले, असे समजू नका. ती फुकटची मजुरी झाली. तिने वेचलेला कापूस कोणी तोलला आणि काय भावाने गेला, हे तिला घरात कोणी सांगते का?

आणि पोरांना आपण बुद्दू समजतो, पण वेळ आली की त्यांच्याच मोबाईलवर आपले काम अडते. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. २०२५ च्या हंगामात सरकारी कापूस खरेदीची नोंदणीही मोबाईलवर गेली. बांधावर उभे राहून फोटो कोण काढतो? नववीतला पोरगा. मग सातबारावरची सात नंबरची नोंद मालकीची आणि बाराची पिकाची, हे त्याला कळू द्या. आईचे नाव त्यावर आहे की नाही, हेही त्यालाच पाहू द्या.

गावाच्या कारभाराचेही तेच. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पोरे झेंड्याला जातात, गोळी-बिस्कीट घेऊन घरी येतात. बहुतेक गावांत त्याच सुमारास ग्रामसभा असते. तिकडे दहा-बारा टाळकी आणि ग्रामसेवक. अठराच्या आत मत देता येत नाही, पण मागे बसून ऐकायला आणि वहीत उतरवायला कोणता कायदा आड येतो? नागरिकशास्त्राच्या पेपरात ग्रामसभेवर चार ओळी लिहिणाऱ्या वर्गाने एकदा खरी ग्रामसभा पाहावी. सभेत काय ठरले आणि नंतर प्रोसिडिंगात काय लिहिले गेले, हे पोरांनी आपल्या वहीशी ताडून पाहिले तर काही गावांत बरीच धावपळ होईल.

यासाठी मुंबईच्या हुकुमाची वाट पाहायची नाही. पालक-शिक्षक संघात बसायचा आपल्याला हक्क आहे; तिथे जा. आठवड्यातले दोन तास मागा. मास्तरांशी भांडू नका, त्यांच्यातले निम्मे आपल्याच घरचे आहेत. जिनिंगमधला जाणता माणूस, बचतगटाचा हिशोब ठेवणारी बाई, चांगला गवंडी यांना वर्गात न्या. मृगाच्या आधी ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते वर्गाने मोजावे आणि ज्याचे बियाणे कमी उगवले त्याच्या घरी जाऊन सांगावे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या हायस्कुलाचे नाव, नववी-दहावीचा पट आणि वर्गात जायला तयार असलेल्या दोन माणसांची नावे लिहून आणावीत. त्यातले एक नाव बाईचे हवे. आणि सोबत यंदाची एक खरी हिशोबपट्टी आणा, फाटकी असली तरी चालेल. पहिला धडा तिच्यावरच बसवू.